घसाऱ्याचे दफ्तर आणि वीजग्राहक

वीजबिलाच्या कागदावर ग्राहकाला जे दोन मोठे आकडे दिसतात, मंजूर भारावर बसवलेला स्थिर आकार आणि वापरलेल्या युनिटांवर बसवलेला वीज आकार, त्यांच्या पोटात अनेक लहानमोठ्या रकमा सामावलेल्या असतात. आणि त्यांपैकी जिच्याकडे सामान्य वाचकाचेच नव्हे तर पुष्कळ जाणत्या माणसांचेही लक्ष सहसा जात नाही, अशी रक्कम म्हणजे घसारा. कोळशाचे भाव चढले की वर्तमानपत्रांत मथळे येतात, कर्मचाऱ्यांच्या पगाराची चर्चा होते, गळती आणि थकबाकी यांवर तर सभा गाजतात. परंतु खांब, तारा, रोहित्रे, मीटर आणि उपकेंद्रे यांच्या झिजेपोटी दरवर्षी जी रक्कम ग्राहकांकडून वसूल केली जाते, तिचा हिशेब मागण्याचा प्रघात अजून आपल्याकडे पडलेला नाही. हा हिशेब गुप्त मात्र नाही. राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे प्रत्येक वितरण कंपनी जी याचिका दाखल करते, तिच्या तक्त्यांत तो वर्षानुवर्षे लिहिलेला असतो आणि तो वाचण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. तो कसा वाचावा आणि वाचताना कोणत्या ठिकाणी सावध राहावे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

घसाऱ्याची मूळ कल्पना अवघड नाही. गावातील पिठाच्या गिरणीचा मालक दळणावळीच्या पैशातून विजेचे बिल आणि नोकराचा पगार भागवतो; पण जाते आणि मोटर एक दिवस निकामी होणार हे ओळखून त्या पैशातला काही भाग जर त्याने बाजूला काढला नाही, तर त्याला नफा झाला असे वाटत असतानाच त्याचे भांडवल नकळत संपत जाते. म्हणून यंत्राची मूळ किंमत त्याच्या उपयोगी आयुष्यावर वाटून दरवर्षीच्या खर्चात धरावयाची, हेच घसाऱ्याचे तत्त्व होय. खाजगी व्यापारात हा आकडा मालकाने कसाही धरला तरी बाजारातील किंमत त्यावर ठरत नाही. विजेच्या वितरणाची गोष्ट निराळी आहे. तेथे विक्रेता एक, दर ठरवणारा आयोग, आणि आयोगाने मान्य केलेल्या एकूण महसुली गरजेत जो जो खर्च बसेल तो ग्राहकाच्या माथी. त्यामुळे घसाऱ्याचा दर अर्ध्या टक्क्याने वाढला किंवा मालमत्तेचा आकडा फुगला, तर त्याचा भार थेट घरोघरीच्या बिलावर येतो.

बंगळूरच्या पूर्व अंगाला असलेली मारतहळ्ळी या विषयाच्या अभ्यासाला फार सोयीची वस्ती आहे. एका बाजूला विमानकारखान्याचा जुना परिसर, दुसऱ्या बाजूला व्हाईटफील्ड आणि वर्तूरकडे जाणारे रस्ते, मधून गेलेला बाहेरचा वर्तुळमार्ग, आणि गेल्या दोनअडीच दशकांत संगणक उद्योगाबरोबर शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या अनेक मजली इमारती. २००७ साली महादेवपुरा नगरपालिकेबरोबर हा सारा भाग बंगळूर महानगरपालिकेत सामील झाला. आज तेथे मराठी कुटुंबेही पुष्कळ राहतात आणि त्यांची बिले बंगळूर विद्युत पुरवठा कंपनीकडून, म्हणजे बोलण्यातल्या ‘बेस्कॉम’कडून, येतात. तिथल्या कोणत्याही गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसवलेले रोहित्र दिसते. महाराष्ट्रात आपण त्या साऱ्या मांडणीला ‘डीपी’ म्हणतो. त्याच्या अंगावर पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावर क्षमता, ११ हजार व्होल्टचा उच्च दाब, ४३३ व्होल्टचा लघु दाब, तेलाचे प्रमाण आणि निर्मितीचे वर्ष इतकी माहिती कोरलेली असते. घसाऱ्याच्या साऱ्या शास्त्राला ज्याची गरज असते तो मुख्य तपशील, म्हणजे वस्तूचे जन्मवर्ष, अशा रीतीने उघड्या रस्त्यावर टांगलेला आहे. परंतु आयोगाच्या दफ्तरात पोहोचेपर्यंत तो इतर हजारो रोहित्रांच्या एकत्रित बेरजेत विरून गेलेला असतो.

या बेरजेला इतिहास आहे. कावेरीच्या शिवनसमुद्र येथील जलविद्युत् केंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि १९०५ साली बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले. पुढे १९५७ मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले. १९९९ च्या सुधारणा कायद्याने त्या मंडळाचे रूपांतर पारेषण महामंडळात झाले, त्याच वर्षी कर्नाटक वीज नियामक आयोग अस्तित्वात आला, आणि १ जून २००२ पासून वितरणाचे काम बेस्कॉम व तिच्या भगिनी कंपन्यांकडे आले. बेळगाव, निपाणी, खानापूर या मराठी मुलखाला वीज देणारी हुबळीची कंपनी याच वाटणीत जन्मली आणि तिचे दरही हाच आयोग ठरवतो. महाराष्ट्रात असाच बदल ६ जून २००५ रोजी झाला. प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी खांब आणि तारा जागच्या जागीच राहिल्या. मात्र वहीतले आकडे एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात गेले, आणि कोणती वस्तू केव्हाची व किती किमतीची, हा तपशील अनेक ठिकाणी त्या स्थलांतरात ठोकळ रकमांत गोळा झाला. मागील वर्षांचे आकडे जुळवू पाहणाऱ्याने या तारखा प्रथम डोळ्यांपुढे ठेवाव्यात, कारण आकड्यांच्या मालिकेतील अकल्पित उड्या बहुधा येथेच सापडतात.

आता दरांचा विचार करू. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने परवानाधारक कंपन्यांसाठी जी रीत घालून दिली होती ती अशी, की ठरलेल्या मुदतीत दरवर्षी सारखी रक्कम बाजूला टाकावी आणि त्या रकमेवर ४ टक्के चक्रवाढ व्याज धरले असता मुदतीअखेर मूळ किमतीच्या ९० टक्के जमावेत. उरलेले १० टक्के म्हणजे मोडीत निघालेल्या मालाची किंमत. हे ९० आणि १० चे विभाजन इतके टिकाऊ ठरले की आजच्या नियमांतही ते सामान्यतः तसेच आहे. मात्र वार्षिक रकमेची रीत पालटली आणि त्या पालटाचा परिणाम किती मोठा असतो ते एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, गल्लीतल्या त्या रोहित्राची उभारणीसह किंमत ५ लाख रुपये आणि उपयोगी आयुष्य २५ वर्षे आहे. म्हणजे घसारायोग्य रक्कम साडेचार लाख. जुन्या चक्रवाढ पद्धतीने दरवर्षी सुमारे १०,८०५ रुपये पुरतात. सरळ रेषेच्या पद्धतीने साडेचार लाखांना २५ ने भागले तर १८,००० रुपये, म्हणजे ३.६ टक्के, पडतात. आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाने २००९ साली जो ५.२८ टक्क्यांचा दर यंत्रसामग्रीला लावला, त्याने पहिली १२ वर्षे २६,४०० रुपये पडतात. बारा वर्षांत ३,१६,८०० रुपये वसूल झाल्यावर उरलेले १,३३,२०० रुपये पुढील १३ वर्षांवर वाटले असता दरसालचा घसारा जेमतेम १०,२४६ रुपयांवर येतो. वस्तू तीच, आयुष्य तेच. पण पहिल्या वर्षाचा ग्राहक एका पद्धतीत जेवढे देतो त्याच्या जवळजवळ अडीचपट दुसऱ्या पद्धतीत देतो.

हा बदल कोणाच्या लहरीने झाला नाही. त्यामागे कर्जफेडीची निकड होती. वीजप्रकल्पांची उभारणी साधारणतः ७० टक्के कर्ज व ३० टक्के स्वतःचे भांडवल अशा प्रमाणात होते, आणि कर्जाची मुदत यंत्राच्या आयुष्याहून बरीच कमी असते. कंपनीच्या हाती रोकड देणारा पण त्या वर्षी प्रत्यक्ष खर्च न होणारा असा घसारा हाच एक मोठा रकाना असल्याने कर्जाचे हप्ते त्यातूनच भागवले जाऊ लागले. १९९४ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या यंत्रसामग्रीवर ७.८४ टक्क्यांपर्यंत दर नेला. २००३ च्या वीज कायद्यानंतर केंद्रीय आयोगाने २००४ साली दर पुन्हा आयुष्याशी जोडले, औष्णिक केंद्राला ३.६ आणि पारेषण वाहिनीला २.५७ टक्के, आणि हप्ते भागण्यापुरती ‘आगाऊ घसारा’ नावाची निराळी तरतूद ठेवली. २००६ च्या वीजदर धोरणाने ही आगाऊ वसुली बंद व्हावी असे सांगितले. म्हणून २००९ मध्ये ५.२८ चा दर आला. बाराला ५.२८ ने गुणले की ६३.३६ येतात, म्हणजे सत्तर टक्के कर्जाचा बहुतेक भाग बारा वर्षांत फिटावा, अशी ती योजना होय. २०२४ च्या नियमांत नव्या प्रकल्पांसाठी हीच मुदत १५ वर्षांची झाली आणि दर ४.२२ वर उतरला. गुणाकार केला तर पुन्हा ६३.३ च येतात. आकड्यांच्या मुळाशी असलेले हेतू असे गुणाकारातून उघडे पडतात, आणि याच कारणाने नियमांचे परिशिष्ट हे नुसते कोष्टक न मानता आर्थिक धोरणाचा दस्तऐवज म्हणून वाचले पाहिजे.

त्याच २००६ च्या धोरणात आणखी एक वाक्य आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे. मालमत्तेचा घसारा पूर्ण वसूल झाल्यानंतर कमी झालेल्या दराचा लाभ ग्राहकांकडेच राहिला पाहिजे, असे ते सांगते. पहिल्या बारा वर्षांत ज्याने जास्त भरले त्याला, किंवा त्याच्या मागून त्या घरात राहावयास आलेल्याला, उत्तरार्धात स्वस्ताई मिळावयास हवी. ती मिळाली नाही तर जलद घसारा हा एका पिढीवर लादलेला निष्फळ बोजा ठरतो. म्हणून घसाऱ्याची नोंद ही केवळ कंपनीच्या खर्चाची नोंद नाही. ग्राहकांनी आजवर किती मालमत्ता फेडली आहे, याची ती पावती आहे. आणि पावती सांभाळून ठेवणे हे फेडणाऱ्याचे काम असते.

ही पावती कोठे सापडते? वितरण कंपनी दरवर्षी नोव्हेंबरअखेरच्या सुमारास आयोगाकडे याचिका सादर करते. तिचा गोषवारा वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो, हरकतींना मुदत मिळते, जनसुनावणी होते, आणि आयोगाचा आदेश निघतो. याचिका व आदेश दोन्ही कंपनीच्या व आयोगाच्या संकेतस्थळांवर असतात. त्यांत एकाच वर्षाच्या घसाऱ्याचे तीन निरनिराळे आकडे आढळतात: वर्ष सुरू होण्यापूर्वी आयोगाने मंजूर केलेला अंदाज, वर्ष संपल्यावर कंपनीने लेखापरीक्षित हिशेबावरून मागितलेला आकडा, आणि त्या मागणीची छाननी करून आयोगाने अखेर मान्य केलेला आकडा. नवशिका अभ्यासक या तिहींची एकच मालिका करून टाकतो आणि मग एखाद्या वर्षी घसारा घटला, एखाद्या वर्षी वाढला, असे निष्कर्ष काढतो. वस्तुतः त्याने एका वर्षाचा अंदाज दुसऱ्या वर्षाच्या अंतिम आकड्याशेजारी मांडलेला असतो. तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या आदेशातून घेतला, कोणत्या तारखेचा, मागितलेला की मान्य झालेला, आणि लाखांत की कोटींत, ही चार टिपणे केल्याशिवाय तो वहीत उतरवू नये.

कर्नाटक आयोगाची गणिताची रीत पाहू. मालमत्तेच्या वर्षारंभीच्या व वर्षअखेरच्या मूळ किमतीची सरासरी काढावयाची, हिशेबावरून येणारा घसाऱ्याचा भारित सरासरी दर तिला लावावयाचा, आणि ग्राहकांच्या वर्गणीतून किंवा सरकारी अनुदानातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवरचा घसारा त्यातून वजा करावयाचा. समजण्यापुरती कल्पित संख्या घेऊ: आरंभी १०,००० कोटी, अखेरीस ११,००० कोटी, सरासरी १०,५०० कोटी, दर ५ टक्के, म्हणजे घसारा ५२५ कोटी, त्यांपैकी २,००० कोटींची मालमत्ता वर्गणी-अनुदानाची असेल तर तिच्यावरचे १०० कोटी वजा जाता ग्राहकांकडून वसूल होण्याजोगे ४२५ कोटी. ही वजाबाकी तक्त्यात एका ओळीची असते, परंतु मारतहळ्ळीसारख्या वस्तीत तिचे महत्त्व इतरत्रापेक्षा अधिक आहे. येथील मोठ्या इमारतींसाठी लागणारी वाहिनी आणि रोहित्र पुष्कळदा बांधकाम व्यावसायिक स्वखर्चाने, कंपनीला देखरेखीचे शुल्क भरून, उभारतो आणि नंतर ते कंपनीच्या ताब्यात देतो. तो खर्च त्याने सदनिकेच्या किमतीत धरलेला असतो. आता त्याच रोहित्रावर कंपनीने घसारा आकारला आणि तो दरात मिळवला, तर तेथील रहिवासी एकाच वस्तूची किंमत दोनदा फेडतील, एकदा घर घेताना आणि दुसऱ्यांदा महिन्याच्या बिलातून. हिशेबाच्या नियमांप्रमाणे ताळेबंदात अशा मालमत्तेचा घसारा पूर्ण दाखवून तेवढीच रक्कम वर्गणीच्या खात्यातून उत्पन्नाच्या बाजूला आणता येते. म्हणून नुसता खर्चाचा रकाना पाहून चालत नाही, त्याची जोडीदार रक्कम दुसऱ्या पानावर शोधून काढावी लागते. ती सापडली नाही, तर हरकत घेण्यास सबळ कारण आहे असे समजावे.

यानंतरचे काम ताळमेळाचे. गतवर्षीची अखेरची शिल्लक हीच यंदाची आरंभीची शिल्लक असली पाहिजे. आरंभीच्या मूळ किमतीत नवी भर मिळवून आणि काढून टाकलेली मालमत्ता वजा करून अखेरची किंमत आली पाहिजे. साठलेल्या घसाऱ्यालाही हीच कसोटी: आरंभीची शिल्लक, अधिक वर्षाचा घसारा, उणे काढून टाकलेल्या वस्तूंवर पूर्वी आकारलेला घसारा. या तीन ओळी जुळवून पाहण्यास ना उच्च गणित लागते ना महागडे साधन. आणि तरीही अनेक वर्षांच्या याचिका शेजारी मांडून ही साधी बेरीज केली की कोठे पुनर्वर्गीकरण झाले, कोठे चुकीची दुरुस्ती झाली, कोठे एखादी रक्कम एका मथळ्याखालून दुसऱ्याखाली गेली, हे क्रमाने दिसू लागते.

काढून टाकलेल्या मालमत्तेचा रकाना विशेष बारकाईने पाहण्याजोगा आहे. बंगळूर शहरात गेल्या काही वर्षांत उच्चदाबाच्या उघड्या तारा काढून भूमिगत केबल टाकण्याचे, आणि लघुदाबाच्या तारांऐवजी आच्छादित केबल बसवण्याचे मोठे काम झाले आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने आणि पावसाळ्यात पडणाऱ्या झाडांमुळे होणारा खोळंबा टळावा म्हणून हे काम इष्टच होते. परंतु हिशेबात त्याचे दोन परिणाम व्हावयास हवेत. भूमिगत केबलची किंमत उघड्या तारेच्या अनेक पट असल्याने मूळ किमतीची बाजू झपाट्याने वाढेल, आणि त्याचबरोबर उतरवलेल्या तारा, खांब व जोडसामान यांची नोंद वहीतून कमी होईल. पहिली गोष्ट आपोआप होते, कारण ठेकेदाराचे बिल आलेले असते. दुसरी गोष्ट व्हावयास कोणत्या रस्त्यावरची कोणत्या वर्षीची तार काढली हे नोंदवहीत सापडावे लागते. ज्या ज्या कंपनीच्या तक्त्यात भरीचा आकडा मोठा आणि वजाबाकीचा रकाना कोरा किंवा नगण्य दिसेल, तेथे प्रश्न विचारला पाहिजे; कारण नोंद न निघालेली तार जमिनीवर नसूनही घसारा कमावीत राहते. आणि जी तार आयुष्य संपण्यापूर्वीच काढली गेली, तिची न फिटलेली किंमत मोडीच्या विक्रीतून किती भागली व उरलेली कोणी सोसली, हा त्याच प्रश्नाचा उत्तरार्ध होय.

साठलेल्या घसाऱ्याला मूळ किमतीने भागले की जाळे किती जुने झाले याचा एक ढोबळ अंदाज मिळतो. भागाकार ३५ टक्के आणि वार्षिक दर ५ टक्के असेल तर सरासरी वय सात वर्षांच्या आसपास. पण शहर वाढते असले की हा अंदाज फसवतो. गेल्या दहा वर्षांत घातलेल्या महाग केबलांचे वजन इतके असते की चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त वाहिन्या त्या सरासरीत दिसेनाशा होतात. कारण येथे वयाची सरासरी खांबांच्या संख्येने होत नाही, रुपयांच्या वजनाने होते. याशिवाय, ज्या वस्तूंचा ९० टक्के घसारा पूर्ण वसूल झाला त्या वापरात असेपर्यंत मूळ किमतीत राहतातच. सरासरी दर साऱ्या मूळ किमतीला सरसकट लावला आणि अशा वस्तू वेगळ्या काढल्या नाहीत, तर फिटलेल्या मालावर पुन्हा वसुली होण्याचा संभव राहतो.

आणखी एक अडचण हिशेबाच्या नव्या मानकांतून आली. सुमारे २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना नवी भारतीय लेखामानके लागू झाली आणि त्या संक्रमणाच्या वेळी घसारा वजा जाता उरलेली किंमत हीच नवी मूळ किंमत मानण्याची मुभा त्यांना मिळाली. ज्यांनी ती घेतली त्यांच्या ताळेबंदात मूळ किमतीचा आकडा एका रात्रीत खाली आला आणि साठलेला घसारा शून्यापासून सुरू झाला. वास्तविक एकही खांब बदललेला नव्हता. अशा कंपनीचे ताळेबंद घेऊन कोणी वयाचा भागाकार करील तर त्याला सारे जाळे नवेकोरे भासेल. म्हणून नियामक याचिकेतील मालिका आणि कंपनी कायद्याखालील ताळेबंदाची मालिका या दोन स्वतंत्र वह्या मानून चालावे.

उलट दिशेने झालेल्या अशाच एका हालचालीचा धडा ओडिशाने दिला आहे. १९९६ मध्ये तेथील वीज मंडळाचे विभाजन होताना मालमत्तेच्या किमती वाढवून नव्या कंपन्यांच्या वहीत उतरवण्यात आल्या. वाढीव किमतीवर वाढीव घसारा आला, तो दरांवर आला, आणि ग्राहक व कंपन्या दोघेही अडचणीत सापडले. पुढे कानुनगो समितीच्या विचारविनिमयानंतर राज्य सरकारला ही वाढीव किंमत स्थगित ठेवावी लागली. रुपयाचीही नवी तार न टाकता केवळ वहीतल्या फेरफाराने वीज महाग होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या देशात मिळणे कठीण.

वितरण कंपनीच्या तक्त्यात दिसणारा घसारा हा मात्र साऱ्या घसाऱ्याचा एक थर आहे, हेही विसरू नये. तिच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग वीजखरेदीचा असतो आणि त्या खरेदीच्या दरात निर्मितिकेंद्रांचा घसारा, तर वहनाच्या आकारात पारेषण कंपन्यांचा घसारा मुरलेला असतो. मारतहळ्ळीतल्या दिव्यात शरावतीचे पाणी आहे, रायचूरचा कोळसा आहे, आंतरराज्य वाटपातून येणारी रामगुंडमची वीज आहे. शरावतीचे १,०३५ मेगावॅटचे केंद्र १९६४ पासून टप्प्याटप्प्याने उभे राहिले. त्याचे भांडवल ग्राहकांनी केव्हाच फेडले, आणि म्हणूनच राज्याच्या वीजखरेदीच्या तक्त्यात जुन्या जलविद्युत् केंद्रांचे दर सर्वांत खालच्या ओळींत दिसतात. मुंबईच्या बाबतीत १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीपासूनची टाटांची जलविद्युत् केंद्रे तीच भूमिका बजावीत आली आहेत. घसारा फिटल्यावरचा लाभ ग्राहकाकडे राहतो म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर या ओळी पाहाव्यात.

अमेरिकेत या विषयाने निराळे वळण घेतले आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नॉक्सव्हिलच्या पाणीपुरवठा कंपनीच्या १९०९ च्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने नफ्यापूर्वी झिजेची भरपाई मिळणे हा कंपनीचा हक्क मानला. १९३४ साली इलिनॉय बेल दूरध्वनी कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, घसाऱ्याच्या नावाने गरजेपेक्षा जास्त वसुली करून ग्राहकांच्या पैशातून भांडवल उभारता येणार नाही, ही दुसरी बाजू मांडली. मग खरे आयुष्य किती हे ठरवण्याचा प्रश्न उरला. आयोवा येथील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात रॉबली विन्फ्री यांनी निवृत्त झालेल्या मालमत्तेच्या नोंदी गोळा करून १९३५ मध्ये अठरा नमुनेदार वक्र प्रसिद्ध केले. एका वर्षी बसवलेल्या शंभर वस्तूंपैकी दहा, वीस, तीस वर्षांनी किती कामावर उरतात, हे ते वक्र दाखवतात. आयुर्विमा कंपन्यांच्या मृत्युकोष्टकांचीच ती रीत होय. आजही तेथील वीजकंपन्या ठराविक काळाने घसाऱ्याचा अभ्यास सादर करतात, त्यात खांबांचे खाते निराळे, तारांचे निराळे, रोहित्रांचे आणि मीटरांचे निराळे असते, आणि प्रत्येक खात्यात कोणत्या वर्षीची किती मालमत्ता कोणत्या वर्षी निवृत्त झाली याची सारणी असते. तिच्यावरून असेही दिसते की लाकडी खांब उतरवण्याचा खर्च त्याच्या मोडीच्या किमतीहून अधिक येतो, म्हणजे अखेरची किंमत शून्याखाली जाते. आपल्याकडे मोडीचे १० टक्के १९४८ पासून गृहीत धरले जातात आणि आयुष्याची वर्षे परिशिष्टात लिहून दिलेली असतात. ती वर्षे प्रत्यक्षाशी जुळतात की नाहीत, हे तपासण्याजोगी निवृत्तीची सारणी याचिकेत नसते.

हे न्यून भरून काढणे अशक्य नाही. रोहित्राच्या पट्टीवर निर्मितीचे वर्ष आहे, जळालेले रोहित्र दुरुस्तीगृहात जाते तेव्हा त्याची नोंद होते, आणि नव्या केबलांचे नकाशे तयार होत आहेत. या नोंदी खातेवार आणि वर्षवार एकत्र करून वार्षिक याचिकेला जोडण्याचे बंधन आयोगाने घातले, तर दहापंधरा वर्षांत आपल्या हवेत, आपल्या भारावर, आपल्या देखभालीत रोहित्र खरोखर किती वर्षे जगते हे सप्रमाण सांगता येईल. ते २५ हून कमी निघाले तर देखभालीची किंवा खरेदीच्या दर्जाची चौकशी करता येईल. अधिक निघाले तर घसाऱ्याचा दर उतरवण्याची मागणी न्याय्य ठरेल. दोन्ही बाजूंनी लाभच आहे, आणि तो ग्राहकाइतकाच प्रामाणिक कंपनीचाही आहे.

पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने नियामक आयोगांपुढील कागदपत्रे सामान्य नागरिकाच्या दृष्टीने वाचण्याचा जो पायंडा महाराष्ट्रात पाडला, तो पाहता हे काम तज्ज्ञांच्याच आवाक्यातले आहे असे म्हणण्यास जागा राहत नाही. मारतहळ्ळीच्या एखाद्या रहिवासी संघाने पुढल्या याचिकेची घोषणा होताच मागील पाच आदेश काढावेत, वर सांगितलेल्या तीन ओळींची बेरीज करावी, आणि हरकतीच्या मुदतीत तीन प्रश्न लेखी विचारावेत: वर्गणीतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवरचा घसारा किती वजा केला, उतरवलेल्या तारांची किती रक्कम वहीतून काढली, आणि घसारा पूर्ण वसूल झालेली किती मालमत्ता अजून सरासरीत धरली जाते. हरकतींची दखल आयोगाच्या आदेशात घेतली जाते, तेव्हा प्रश्न आणि कंपनीचे उत्तर दोन्ही कायमच्या दफ्तरात जातात. आणि पुढल्या वर्षी तोच प्रश्न विचारणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ज्या मालमत्तेची किंमत आपण फेडीत आहोत तिच्यावर आपली नजर असावी, एवढीच यातली अपेक्षा आहे, आणि कायद्याने ती पुरी करण्याचा मार्ग खुला ठेवला आहे.